सात की बारा?

चुकलेल्या उत्तरावर लाल फुली मारणं हे आम्हा शिक्षकांचं रोजचं काम. दिवसाला पन्नास फुल्या मारल्या तरी रात्री छान झोप लागते. पण मागच्या वर्षी मी एक फुली अशी मारली, की तिने माझा अख्खा रविवार खाल्ला. त्या रविवारी मी गिरगावातून निघून परळपर्यंत गेले. त्या प्रवासाची ही हकिगत आहे. वाचता वाचता तुमच्याही डोक्यात मोजणी सुरू झाली, तर मला दोष देऊ नका हं!

मी परळजवळच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. शनिवारच्या शेवटच्या तासाला आमच्या वर्गात ‘आपला परिसर’ नावाची छोटी चाचणी असते. दहा प्रश्न, दहा गुण. प्रश्न मीच काढते. त्या शनिवारी पाचवा प्रश्न होता, ‘परळच्या बारादेवी मंदिरातील प्राचीन शिल्पात किती मूर्ती आहेत?’

उत्तर, सात. पुस्तकांत सात, आणि आदल्या आठवड्यात मी स्वतः फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, तेही सातच. एका मुलीनं लिहिलं, ‘बारा’. मी फुली मारली आणि पुढची वही ओढली.

वही परत मिळाल्यावर ती काही बोलली नाही. एरवी वर्गात पहिला हात तिचा वर जायचा. सोमवारी हात वर आला नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावलं, तेव्हा डब्याचं झाकण उघडझाप करत ती म्हणाली, “बाई, मी मोजल्यात. आजीबरोबर ओटी भरायला जाते ना, तेव्हा मोजल्यात. आजीपण बाराच म्हणते.”

आता बघा. देवळाचं नावच बारादेवी. पोरीनं नावातला आकडा उचलून उत्तरात ठेवून दिला, असंच मला आधी वाटलं होतं. पण ‘मोजल्यात’ म्हणणाऱ्या मुलीला, स्वतः न मोजता चूक कसं ठरवायचं? आणि एक गोष्ट तुम्हाला हळूच सांगते. ते शिल्प मी देवळात जाऊन नीट पाहिलंच नव्हतं. मी पाहिली होती ती त्याची प्रतिकृती, फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. तुमचे आजोबा ज्याला अजून ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ म्हणतात ना, तेच. तिथे शेजारच्या पाटीवर डोळा ठेवून मी सात मोजले होते. पाटी वाचून मोजलं की पाटीवर असतं तेवढंच दिसतं.

“रविवारी आजीला सांग, मी येते,” असं तिला सांगून टाकलं.

माझं माहेर गिरगावातलं. शनिवारी रात्री मी तिकडेच होते. सकाळी निघताना मोठ्या मामांनी नेहमीप्रमाणे माझ्या मुलीच्या हातात पाकीट ठेवलं. 101 रुपये. मुलीनं विचारलं, “हा वरचा एक कशाला?” मामा म्हणाले, “शंभर म्हणजे संपलं. एकशेएक म्हणजे पुढे चालू.” तुमच्याही घरी असंच असतं की नाही? 11, 21, 51, 101. बँकेतल्या माणसाला विचारलंत तर तो म्हणेल, शंभर आणि एकशेएकमध्ये फरक एका रुपयाचा. तुमच्या आजीला विचारलंत तर ती सांगेल, फरक खूप मोठा आहे! म्हणजे आकड्यांची दोन कामं असतात. एक मोजण्याचं आणि दुसरं काहीतरी सांगण्याचं. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की माझ्यासारख्या बाई फुल्या मारतात.

घरातून निघाले आणि पहिला आकडा पायाखालीच आला. गिरगाव चौपाटी! या नावाची एक जुनी उकल अशी, की चौ म्हणजे चार आणि पाट म्हणजे पाण्याचा प्रवाह. चार पाट जिथे होते ती चौपाटी. पालघरकडे ‘सातपाटी’ नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, त्याचं नावही याच घरातलं. आज चौपाटीवर जाऊन चार प्रवाह शोधाल तर भेळेच्या गाड्या तेवढ्या सापडतील. प्रवाह गेले, भराव आले, नावातला चार मात्र तिथेच बसून आहे. आणि गंमत म्हणजे आता समुद्र नसलेल्या गावातसुद्धा भेळपुरीच्या गाड्या एका रांगेत लागल्या की त्या जागेला ‘चौपाटी’ म्हणतात! आकडा इतका विरघळून गेलाय, की बोलताना कोणाच्या जिभेला तो लागतच नाही.

हा झाला खरोखर मोजलेला आकडा. तसे आपल्या मुंबईत पुष्कळ आहेत. वाळकेश्वरची तीनबत्ती, दादरच्या पारशी कॉलनीजवळची पाच उद्यानं, म्हणजे फाइव्ह गार्डन्स. तिथे कोडं काही नाही, जा आणि मोजा. कोडं सुरू होतं ते देवाच्या दारात.

बसने महालक्ष्मीला उतरले. रविवार, म्हणून रांग मोठी. पुढे उभ्या असलेल्या एका छोट्या मुलाने गाभाऱ्यात डोकावून बाबांना मोठ्यांदा विचारलं, “पप्पा, यातली महालक्ष्मी कोणती?” कारण आत देवी तीन आहेत. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती. देऊळ एकीच्या नावाचं, मूर्ती तिघींच्या. बाबा म्हणाले, “मधली. पण तिघींना नमस्कार कर.” इथे नावानं कमी मोजलं होतं.

नावानं कमी मोजलेलं आणखी एक ठिकाण तुम्हाला माहीत आहे. बोटीनं गेटवेहून घारापुरीला गेलेले कितीजण? तिथली ती भव्य मूर्ती, जवळजवळ तीन पुरुष उंच, तिला आपण सगळे ‘त्रिमूर्ती’ म्हणतो. तीन तोंडं दिसतात, म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश, असं माझ्या लहानपणी मला सांगितलं होतं आणि कितीतरी वर्षं मीही तसंच सांगत आले. पण अभ्यासकांचं म्हणणं वेगळं आहे. ती तिन्ही मुखं शिवाचीच. एक उग्र, एक शांत आणि एक कोमल. त्या मूर्तीला ते सदाशिव म्हणतात, आणि सदाशिवाची मुखं असतात पाच. मग उरलेली दोन कुठे गेली? एक मागे, खडकाच्या आत, आणि एक वर, आकाशाकडे. कोरलेली नाहीत, पण आहेत असं धरायचं. म्हणजे डोळ्यांना तीन, समजून घेणाऱ्याला पाच. घारापुरीची लेणी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जगभरची माणसं येऊन तिथे फोटो काढतात. त्यातल्या किती जणांच्या फोटोत पाचवं तोंड येत असेल?

महालक्ष्मीहून सात रस्त्याला चालत आले. (सात ‘रस्ते’ नाही, सात ‘रस्ता’! व्याकरणाच्या बाईंनी इथे कान बंद करावेत.) पूर्वीचं जेकब सर्कल, आताचा संत गाडगे महाराज चौक. सात वाटा इथे एकत्र येतात म्हणून हे नाव पडलं. परळच्या बसला वेळ होता. बसस्टॉपवर उभ्या उभ्या मी पिशवीतून वही काढली आणि आकडा असलेल्या देवस्थानांची यादी करायला घेतली. तुम्हीही करून बघा, कंटाळवाण्या बसस्टॉपवर फार उपयोगी खेळ आहे. माझ्या यादीत पहिलं आलं ते अष्टविनायक. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. हे आठ बरोबर आठ भरतात. आपल्या प्रभादेवीचा सिद्धिविनायक या आठांत नाही बरं का! दरवर्षी माझ्या वर्गात दोघंतिघं तरी त्याला आत घुसवतात आणि मग नऊ होतात.

पण दुसऱ्याच नावाला पेन अडलं. पंचगंगा.

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा तिथे उगम मानतात. पण त्या देवळात उभं राहून पाण्याच्या वाटा मोजल्या तर सात निघतात! सरस्वती आणि भागीरथी या आणखी दोघी. त्यांचं पाणी रोज येत नाही. परंपरा सांगते की भागीरथी बारा वर्षांनी येते आणि सरस्वती साठ वर्षांनी. म्हणून नाव पाचाचं. आता कोल्हापूरला चला. तिथली नदीच पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती... पुढे? नकाशावर चारच सापडतात. पाचवी सरस्वती, आणि ती गुप्त! एका ठिकाणी सात असून पाच म्हटलं, दुसऱ्या ठिकाणी चार असून पाच म्हटलं. दोन्हीकडे पाच हा आकडा आधी ठरला आणि नद्यांना त्यात बसवलं. जास्त होत्या तिथे दोघींना पाहुण्या केलं, कमी होती तिथे एक जमिनीखालून आणली. पाच का? हाताची बोटं पाच, पंचमहाभूतं पाच, पंचामृतातले पदार्थ पाच. पाच म्हटलं की काही राहून गेलं नाही असं वाटतं.

मला हे इतकं आवडलं की समोरून बस निघून गेली ते कळलंच नाही.

मग पुढच्या बसमध्ये बसून तिसरं नाव घेतलं, साडेतीन शक्तिपीठं. कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका ही तीन पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धं. माझ्या वर्गातला एक मुलगा दरवर्षी नव्या रूपात हाच प्रश्न विचारतो, “बाई, देऊळ अर्धं कसं असेल? बांधकाम राहिलंय का?” नाही रे बाबा! वणीला डोंगरकड्यातली अठरा हातांची केवढी मोठी मूर्ती आहे. तिच्यात अर्धं काहीच नाही. पण ॐ मध्ये साडेतीन मात्रा मानतात. अ, उ, म आणि वरची अर्धी. आपले मुहूर्तसुद्धा साडेतीनच. त्या साडेतीनाशी देवींचा हिशेब जोडला गेला. आणि बघा, ज्या पीठाला आपण अर्धं म्हणतो, त्याच्याच नावात सात आहे. सप्तशृंगी, सात शिखरांची! मोठे आकडे तर विचारूच नका. गोव्यात नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी 1668 साली त्याचा जीर्णोद्धार केला. सप्तकोटी म्हणजे सात कोटी. सात कोटी मोजत बसायचं कोणी? तो मोजण्याचा आकडाच नव्हे.

आणि मग आला आपला बारा. बारा ज्योतिर्लिंगं. त्यांतली पाच महाराष्ट्रात आहेत हे तुम्हाला पाठ असेल. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ. (परळ नव्हे हं, परळी! बीड जिल्ह्यातली.) पण झारखंडमधल्या देवघरच्या मुलाला विचारा. तो सांगेल, वैद्यनाथाचं ज्योतिर्लिंग आमच्याकडे. द्वारकेजवळच्या मुलाला विचारा, तो म्हणेल नागेश्वर आमचा. भीमाशंकर आसामातला असं म्हणणारेही आहेत. सगळ्यांचे हक्क मान्य करून मोजलंत तर बाराच्या वर जाल. पण यादी कोणाचीही घ्या, ती बारावर थांबते. तेरा ज्योतिर्लिंगं असं कोणी म्हणत नाही.

गावगाड्यातले बारा बलुतेदार आठवा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट... पुढची नावं वेगवेगळ्या भागांतल्या याद्यांत वेगवेगळी मिळतात. एका गावात असलेला माणूस दुसऱ्या गावच्या यादीत नसतो. पण ‘आमच्याकडे अकराच बलुतेदार’ असं कोणी सांगत नाही. बारा म्हणजे सगळे. बारा महिने संपले की वर्षाचं चक्र पुरं होतं, तसं. ‘तो बाराही महिने आजारी असतो’ म्हणतो तेव्हा आपण कॅलेंडर उघडतो का?

हे सगळं वहीत लिहिताना मी मनातल्या मनात जवळजवळ निकालच देऊन टाकला. बारादेवी म्हणजे ‘सगळ्या देवी’, बारा हा बोलण्यातला बारा, मूर्ती सात. पोरीचं उत्तर चूक, पण चुकीचं कारण सुंदर. वर्गात जाऊन छान समजावून सांगू. किती समाधान वाटलं मला!

तेवढ्यात भेडाघाट आठवलं आणि समाधान जरा हललं. जबलपूरजवळ नर्मदेकाठचं भेडाघाट, संगमरवरी कड्यांचं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथे गेलो होतो. टेकडीवर चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे, हजारएक वर्षांपूर्वीचं. गोल भिंत, आणि भिंतीच्या आतल्या बाजूने ओळीने योगिनींच्या मूर्ती. नाव चौसष्ट योगिनी, कारण अशा देवळांची चौसष्ट ही ठरलेली संख्या. आठाची आठपट. पण अभ्यासकांनी तिथल्या जागा मोजल्या तेव्हा योगिनींच्या जागा भरल्या 81. म्हणजे नवाची नऊपट! बांधणाऱ्याने मुद्दाम मोठा आकडा घेतला होता. लोकांनी मात्र ओळखीचं नाव चालू ठेवलं. तिथे कोणी मोजायला बसलंच नसतं, तर चौसष्ट हा नुसता बोलण्यातला आकडा आहे म्हणून आपण सोडून दिलं असतं, आणि ते एक्याऐंशी कोणाला कळलेच नसते.

तर परळ आलं.

परळ हे मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी एक. आज बेट म्हणावं असं तिथे काही दिसत नाही. हॉस्पिटलं, गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, मध्येच एखादी उरलेली चाळ. 1931 साली परळहून शिवडीकडे जाणारा रस्ता करायला घेतला, तेव्हा खोदताना कामगारांना एक प्रचंड दगड लागला. पांढरट दगड, दहा फुटांहून उंच, आणि त्यावर कोरलेल्या मूर्ती. ही मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातली ठरली, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या काळाच्या आसपासची. सुमारे दीड हजार वर्षांचं शिल्प आणि ते आपल्या रस्त्याखाली! ते बारादेवीच्या देवळात ठेवलं. आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत त्याची नोंद आहे, आणि त्याच वेळी त्याची पूजाही चालू आहे. सरकारच्या कागदात ते शिवाचं शिल्प आहे. येणाऱ्या बायाबापड्यांसाठी ती बारादेवी आहे.

आजी आणि नात देवळापाशी माझी वाट बघत होत्या. आजींच्या हातात ओटीचं तबक होतं. “या बाई,” त्या म्हणाल्या, “हिनं सांगितलं, तुम्ही मोजायला येताय. मला हसू आलं. पण या.”

शिल्प वेगळ्या खोलीत आहे. आत डोळे सरावायला जरा वेळ लागला. मग हळूहळू ते दिसू लागलं, आणि खरं सांगते, प्रतिकृती पाहिलेली असूनही मी गप्प झाले. मध्ये खाली एक शिव उभा. त्याच्या खांद्यांच्या मागून दुसरा वर येतो. दुसऱ्याच्या मागून तिसरा. सगळ्यात वरच्याचे अनेक हात पसरलेले. आणि मधल्या या रांगेच्या दोन्ही अंगांनी दोन-दोन शिव बाहेर झेपावलेले. एका झाडाला फांद्या फुटाव्यात तसे. तीन आणि चार, सात. पुस्तकातले सात. मी समाधानानं मान हलवली.

“झाले मोजून?” माझी विद्यार्थिनी म्हणाली. चार दिवसांनी पहिल्यांदा तिचा आवाज नेहमीसारखा लागला होता. “बाई, खाली बघा ना. खाली कोण बसलेत?”

मी खाली बघितलं. शिवाच्या पायांशी दोन्ही बाजूंना छोटे, गुटगुटीत गण बसलेले. वाद्यं घेऊन, गाण्याबजावण्याच्या तयारीत. एक, दोन, तीन, चार, पाच.

सात अधिक पाच, बारा.

प्रश्न काय होता? ‘शिल्पात किती मूर्ती आहेत?’ शिवाची रूपं किती, असं मी कुठे विचारलं होतं! प्रश्न ढिसाळ काढला मी, मूर्ती पूर्ण मोजल्या तिने, आणि फुली पडली तिच्या वहीवर.

आणि खरी गंमत तर मला घरी परत आल्यावर, पुस्तक पुन्हा उघडल्यावर कळली. शिवाची रूपं सातच का, याचा अभ्यासकांनी पुष्कळ विचार केला आहे. त्यातलं एक मत असं, की हे सात शिव म्हणजे संगीतातले सात स्वर. सा रे ग म प ध नी! एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा वर चढत जाणारा. आणि असं त्यांना का वाटलं? कारण पायांशी वाजवणारे बसलेले आहेत. म्हणजे सातांचं कोडं सोडवायला ज्या पाचांची मदत घेतली, त्याच पाचांना मी मोजलं नव्हतं. छोटे होते ना! मोठ्या मूर्तींच्या नादात छोटी मंडळी माझ्या नजरेतून सुटली. चौथीच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर मात्र तीच आली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, म्हणजे देवीचं ‘बारा’ हे नाव याच बारांवरून पडलं! थांबा, थांबा. एवढी घाई करू नका. बेरीज जुळली म्हणून लगेच नातं जुळत नाही. बारा हा ‘सगळ्या’ या अर्थाचा आकडा कसा असतो ते आत्ताच आपण पाहिलं. तिच्या बेरजेनं तिचं उत्तर बरोबर ठरलं, एवढंच मी म्हणते. नावाचा निकाल त्या बेरजेवर मी देणार नाही.

आजींची ओटी भरून झाली होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “आजी, हे मोठे सातही शंकर आहेत, माहीत आहे ना तुम्हाला?”

“असतील की,” आजी म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंनी मला देवी म्हणून दाखवली. मी हिला देवी म्हणून दाखवते. शंकराला काय राग येणारे होय?” आणि मग माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवत, “तुम्ही मुलांना शंकर सांगा. घरी आम्ही आहोतच.”

देवळातून बाहेर पडताना मी नातीला विचारलं, “फुली मारली तेव्हा का नाही गं भांडलीस?” ती म्हणाली, “तुम्ही फळ्यावर सात लिहिलं होतं ना.” या उत्तरावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. अजून नाही.

सोमवारी वर्गात पहिल्याच तासाला मी सांगून टाकलं. पाचवा प्रश्न बाईंचा चुकला. सात लिहिणाऱ्यांचा गुण राहील, बारा लिहिणारीला गुण मिळेल. तिच्या वहीतली फुली खोडून बाजूला सही केली. मग फळ्यावर शिल्पाचं जमेल तसं चित्र काढलं (माझी चित्रकला बघून शंकराला खरंच राग आला असता), आणि सात मोठे, पाच छोटे दाखवले. शिल्पाचं खालचं काही काम कारागिरानं पुरं केलेलं दिसत नाही, अर्धवटच राहिलं आहे, तेही सांगितलं. का राहिलं असेल यावर वर्गात बरंच डोकं चाललं. कोणी म्हणालं पैसे संपले असतील, कोणी म्हणालं पाऊस आला असेल, कोणी म्हणालं संप झाला असेल. लालबाग-परळची मुलं ती, संपाच्या गोष्टी घरोघरी ऐकलेल्या!

एवढ्यात शेवटच्या बाकावरून हात वर आला. तोच, ‘देऊळ अर्धं कसं’ विचारणारा.

“बाई, एखादा गण जर अर्धाच कोरला असेल, तर मग साडेअकरा नाही का झाले?”

वर्ग हसला. मी ‘गप्प बस’ म्हणणारच होते. पण पहिल्या बाकावरून दुसरा हात, कितीतरी दिवसांनी, सर्रकन वर गेला.

“चालेल बाई! शक्तिपीठं साडेतीन चालतात, तर हे का नाही चालणार?”